मुकादमाचा हात

दिग्दर्शक किन्नारीच्या सिनेमांवर जाडजूड पुस्तक काढायचं घाटतंय म्हणे. त्या पुस्तकाच्या संपादकाचा मला गेल्या महिन्यात तीनदा फोन आला. बोलतो गोड. "राइलीबाई, मुकादमाच्या त्या प्रसंगाबद्दल तुम्ही चार पानं लिहाच. ती चार मिनिटं म्हणजे आपल्या विनोदी सिनेमाचा कळस आहे. ती सुचली कशी, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

सुचली कशी, म्हणे. पहिल्या दोन वेळा मी "बघते" म्हणून फोन ठेवला. तिसऱ्यांदा मात्र डोकं फिरलं. म्हटलं, लिहिते. आता हे चार पानांत मावलं नाही तर मी काय करू? आणि छापायची हिंमत झाली नाही, तर तेही त्याचं तो बघेल.

ओर्वो किन्नारी विक्षिप्त होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं दुकानच त्यावर चालायचं. एका सिनेमात त्याने सगळी पात्रं पाठमोरी ठेवली. एकात सबंध लग्न उलट्या क्रमाने दाखवलं. आधी भांडण, मग जेवण, मग शपथा आणि शेवटी दोघांची ओळख. एका सिनेमात कुणीच दार लावून घेत नाही, सगळी दारं दीड तास उघडी, बाहेर बर्फ. लोक थिएटरात कोट घालून बसायचे. त्याची माणसं चेहरा न हलवता सॉसेज खायची, चेहरा न हलवता प्रेमात पडायची आणि तशीच नोकरी गमवायची. लोक हसून बेजार व्हायचे. मीही हसले आहे. अकरा वर्षं हेलसिंकीत त्याच्या सिनेमांचं संकलन मी केलं. त्यातले पहिले तीन सिनेमे खरोखर चांगले होते, हे मी रागातही नाकारणार नाही.

त्याचे दोन नियम होते. एक, कुठलाही प्रसंग एकदाच चित्रित करायचा. दुसऱ्यांदा नाही, काही झालं तरी नाही. दोन, तो 'कट' म्हणायचा नाही. कॅमेऱ्यातलं रीळ संपेपर्यंत कॅमेरा चालू. चार मिनिटं सव्वीस सेकंद. "थांबवणारा मी कोण?" असं तो पत्रकारांना सांगायचा आणि ते मान डोलावून लिहून घ्यायचे. कसलेल्या नटांना हे जमायचं. वाक्य संपलं की ते काहीतरी चाळा करत, टोपी पुसत, सिगरेट शोधत. त्यांना माहीत असायचं की हा बाबा आपल्याला सोडवणार नाही.

सत्त्याऐंशी साली त्याला नट नको झाले. खरी लाकडाची गिरणी हवी, खरी माणसं हवीत, असं त्याच्या डोक्यात आलं. मी म्हटलं, माझ्या गावी आहे की. माझे वडील मुकादम आहेत तिथे.

हे मी म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

सारिसालमी म्हणजे एक तळं, एक गिरणी आणि त्या गिरणीवर जगणारी चाळीस घरं. बाबा, म्हणजे आर्मास, तिथे एकोणीस वर्षं मुकादम होते. करवती चालू असताना आत कानात बोटं घातली तरी आवाज येतो, म्हणून तिथे बोलत नाहीत, खुणा करतात. दोन बोटं फिरवली की ओंडका वळवा. मूठ दाखवली की धरून ठेवा. आणि डोक्याच्या वर उघडा तळवा गेला की करवत बंद. ही शेवटची खूण सगळ्यांत मोठी. ती ज्याला दिसेल त्याने आधी यंत्र थांबवायचं, का आणि कशाला ते नंतर. बाबांच्या मुकादमीत एकाचंही बोट गेलं नाही, ते या खुणेमुळे. आमच्या गावात लहान पोरं सायकली थांबवतात तीही असाच हात वर करून.

मार्चच्या दोन तारखेला किन्नारी तिथे शूटिंग करत होता. मी हेलसिंकीत माझ्या टेबलाशी होते. चार दिवसांनी रिळं आली आणि मी ती यंत्रावर चढवली.

फळ्यांच्या ढिगासमोर बाबा उभे. किन्नारीने त्यांना एवढंच सांगितलं होतं की समोर तुमचे कामगार आहेत असं समजा आणि त्यांना जे सांगायचं असेल ते सांगा. बाबांनी टोपी काढली. "तर मंडळी," म्हणाले. आणि थांबले. तोंड उघडलं, मिटलं. टोपी घातली, पुन्हा काढली. गिरणीकडे पाहिलं. उजवा हात छातीपर्यंत वर आला आणि खाली गेला. मी हसले. सांगायला लाज वाटते, पण माझ्याच बापाला मी हसले, कारण किन्नारीच्या सिनेमात माणूस असा दिसला की हसायचं, हे अकरा वर्षांत अंगवळणी पडलं होतं. हात पुन्हा वर आला, कानापर्यंत. मी आणखी हसले. तिसऱ्यांदा तो डोक्याच्या वर गेला. तळवा उघडा, बोटं थरथरत होती. अकरा सेकंद तो तसाच होता, मी नंतर मोजले.

बाबा कॅमेरा बंद करायला सांगत होते. ज्या खुणेने सबंध गिरणी जागच्या जागी थांबते ती खूण ते करत होते, आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या किन्नारीच्या सात जणांपैकी एकालाही ती कळत नव्हती. मग हात खाली आला. उरलेली दोन मिनिटं ते नुसते उभे होते, कारण जा असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किन्नारी आला तो उड्या मारतच. त्याने त्या चार मिनिटांवर हुंप्पा टाकायला सांगितला. अकॉर्डियनवर वाजवतात ते आमचं नाचाचं संगीत, जत्रेतलं. हात वर जाईल तिथे बरोबर ठेका पडायला हवा होता त्याला.

"ती थांबवायची खूण आहे, ओर्वो," मी म्हटलं. "गिरणीतली. ते तुला थांब म्हणत होते."

"कसली भारी गोष्ट आहे," तो म्हणाला. "आणि मी थांबलो नाही."

"तू थांबला नाहीस, तेच सांगतेय मी."

"अगं, म्हणून तर मजा आहे त्यात. तू बापाची मुलगी म्हणून बघू नकोस, संकलक म्हणून बघ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कापणार म्हटलं. निगेटिव्हच कापते, म्हटलं, तुझा दुसरा टेक नाही, मग बस बोंबलत. तो हसला. मी काही कापणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि ते बरोबर होतं, याचा मला आजही संताप येतो.

त्याच महिन्याच्या वीस तारखेला गिरणी बंद पडली. मालकाने सकाळी दिवाळं जाहीर केलं आणि दुपारपर्यंत फाटकाला साखळी लागली. चाळीस घरांना त्याच दिवशी कळलं. मी बाबांना फोन केला तर म्हणाले, "हं." आणखी काही विचारलं तर म्हणाले, "हवा बरी आहे."

जूनमध्ये ते हेलसिंकीला आले. मीच बोलावलं होतं. येताना राय धान्याच्या पावात भाजलेले मासे आणले होते, कागदात गुंडाळून, वर दोरी. मी त्यांना टेबलाशी बसवलं आणि तो प्रसंग दाखवला, हुंप्पासकट. ते पुन्हा दाखव म्हणाले. मी दाखवला. तेवढ्यात दारातून किन्नारी आत आला आणि त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आर्मास, तुम्ही अख्ख्या देशाला हसवणार आहात. माझ्या नटांना हे शंभर वर्षांत जमलं नसतं."

बाबांनी हात सोडवून घेतला. "तुम्ही थांबला नाहीत," ते म्हणाले.

"मी कधीच थांबत नाही."

"आमच्याकडे मुकादमाने हात वर केला आणि यंत्र थांबलं नाही, तर कुणाचीतरी बोटं जातात."

किन्नारीने बाबांच्या बोटांकडे पाहिलं. मला वाटलं, चला, शिरलं डोक्यात. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "राइली, हे लिहून ठेव. पोस्टरवर घालू."

मी टेबलावरची कात्री उचलली होती, असं तो पुढे लोकांना रंगवून सांगायचा. खरं म्हणजे मी कात्री खाली ठेवली, कारण ती हातात राहिली असती तर माझं काही खरं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीला बाबांना सोडायला गेले. फलाटावर मी म्हटलं, "बाबा, मी तो प्रसंग काढून टाकते. काय व्हायचं ते होऊ दे."

"काढू नकोस."

"लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत." ते बराच वेळ रुळांकडे बघत राहिले. आमच्याकडे माणूस असा गप्प झाला की त्याला ढोसत नाहीत. मग ते म्हणाले, "त्या सकाळी मालकाने मला आत बोलावलं होतं. दोन तारखेला. म्हणाला, वीसला बंद करतोय. शेवटचा माल कापून होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. शब्द दे म्हणाला. मी दिला."

"म्हणजे शूटिंगच्या आधी?"

"तासभर आधी. आणि हा तुझा माणूस म्हणतो, समोर कामगार आहेत असं समजा, सांगायचं ते सांगा." त्यांनी टोपी काढून आत पाहिलं, जणू तिथे काही लिहिलं होतं. "अठरा दिवस, राइली. अठरा दिवस मी त्यांना गुड मॉर्निंग म्हणत होतो. ते अजून समजतात की मलाही त्याच दिवशी कळलं."

मी मूर्खासारखं म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता ना."

"दिला होता. म्हणून तर." गाडी आली. पायरीवर चढून ते वळले. "ती वाजंत्री तेवढी काढ. वाजंत्री असली की मी सोंग करतोय असं दिसतं. आणि हेलसिंकीच्या आधी आमच्या लोकांना दाखव. त्यांनी आधी बघायला पाहिजे."

ती वाजंत्री किन्नारी काढणार नव्हता, मरेपर्यंत नाही. पण सिनेमा आधी गावात दाखवायचा हे त्याला एकदम पटलं. खरी माणसं स्वतःला बघताहेत, वर्तमानपत्रांत फोटो, असं सगळं. मी लॅबमध्ये जाऊन गावासाठी एक प्रत वेगळी काढून घेतली. त्या चार मिनिटांच्या आवाजात मी फक्त बाबांचे दोन शब्द आणि वारा ठेवला. अकरा वर्षांत त्याला न विचारता केलेलं माझं हे एकच काम.

ऑक्टोबरच्या एका रविवारी दुपारी सारिसालमीच्या कामगार सभागृहात खुर्च्या मांडल्या. जे काम शोधायला बाहेर गेले होते तेही आले होते. मागच्या टेबलावर कॉफीच्या किटल्या आणि दालचिनीचे पाव. गावात अशी कॉफी असली की पहिला कप मुकादमाचा, असा रिवाज होता. गिरणी गेली तरी तो चालू होता. बाबा पहिल्या रांगेत कडेला बसले होते, अंत्यविधीला घालायचा काळा कोट घालून. किन्नारी शेवटच्या रांगेत, माझ्या मागेच, त्याच्याजवळ दोन पत्रकार. प्रोजेक्टरवर तेन्हो. तीस वर्षं तो मुख्य करवतीच्या खटक्यापाशी उभा असायचा, आता रविवारी सिनेमा दाखवायचा.

पहिला तासभर लोक चेहरा न हलवता बसून होते. किन्नारीला घाम फुटला असावा. हसू आलं तरी चारचौघांत दात न दाखवणारी ही माणसं, त्याला वाटलं आवडत नाहीये. मग फळ्यांचा ढीग आला. बाबा आले.

"तर मंडळी," पडद्यावरचे बाबा म्हणाले.

वाऱ्याचा आवाज. टोपी. हात छातीपर्यंत. सभागृहात कुणाची खुर्ची करकरली. हात कानापर्यंत. मागून किन्नारी कुजबुजला, "संगीत कुठंय? राइली, संगीत कुठंय?" तिसऱ्यांदा हात डोक्याच्या वर गेला, तळवा उघडा.

आणि तेन्होने यंत्र बंद केलं.

त्याने ठरवून केलं नव्हतं. तीस वर्षांची सवय, तो तळवा दिसला की हात आपोआप खटक्यावर. पडदा काळा झाला, पंखा घरघरत थांबला. अंधारात तेन्होचा ओशाळलेला आवाज आला, "माफ करा. मला वाटलं..." कुणी हसलं नाही. अख्ख्या सभागृहाला कळलं होतं त्याला काय वाटलं ते.

कुणीतरी दिवे लावले. तेव्हा दिसलं, की बाबा उठून पडद्यासमोर उभे आहेत. टोपी हातात.

"तर मंडळी," ते म्हणाले. या वेळी ते थांबले नाहीत. "गिरणी वीस मार्चला बंद होणार आहे. मला आज सकाळी कळलं. आज मार्चची दोन तारीख."

ऑक्टोबर होता. बाहेर तळ्याकाठचं गवत पिवळं पडलं होतं. तरी कुणी म्हणालं नाही की मुकादम, काय बोलताय.

तिसऱ्या रांगेत आल्पो उभा राहिला. ओंडके वळवायचं काम होतं त्याचं. बाबांपेक्षा वीस वर्षांनी लहान.

"दोन तारखेला?"

"दोन."

"नऊ तारखेला मला तुर्कूच्या गोदीतून पत्र आलं होतं. कामाचं. मी मुकादमांना विचारलं, जाऊ का."

"विचारलंस."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, तुझं तू ठरव."

"मी नको म्हणून कळवलं. इथे काम आहे, म्हटलं, आपला मुकादम आहे." आल्पोचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "हात तिथे काय वर करता, मुकादम? कॅमेऱ्यापुढे? आमच्यापुढे करायचा होता."

"हो," बाबा म्हणाले. "तुमच्यापुढे करायचा होता."

त्यांनी कारण सांगितलं नाही. दिलेल्या शब्दाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की यांना मालकाने बांधून घातलं होतं, त्या हरामखोराला विचारा. बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी तोंड मिटलं.

तेवढ्यात मागून खुर्च्यांच्या मधून वाट काढत किन्नारी पुढे आला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरंखुरं. म्हणूनच मला त्याला क्षमा करता येत नाही. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आर्मास, हे पुन्हा एकदा करता येईल? उद्या सकाळी मी कॅमेरा मागवतो. तुम्ही फक्त असेच उभे राहा. आणि हे गृहस्थ तिथे, तिसऱ्या रांगेत."

उभ्या जन्मात दुसरा टेक न मागणारा माणूस.

बाबांनी उजवा हात वर नेला. डोक्याच्या वर, तळवा उघडा. या वेळी तो थरथरत नव्हता. सभागृहातल्या सगळ्यांना कळलं, एक सोडून. ती खूण त्याला दोनदा सांगून झाली होती, तरी त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणताहेत ते?"

"कट म्हणताहेत," मी म्हटलं.

उरलेला सिनेमा कुणी पाहिला नाही. लोक कॉफीकडे वळले. रांग लागली आणि पहिली जागा मोकळी राहिली, सवयीने. बाबा तिकडे गेले नाहीत. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पहिला कप शेवटी तेन्होने घेतला, कुणीतरी घ्यायलाच हवा होता म्हणून. आल्पो कॉफी न घेता निघून गेला. पुढची नऊ वर्षं तो बाबांशी बोलला नाही. बाकीचे बोलले, पण त्यांना मुकादम म्हणायचे बंद झाले. आर्मास म्हणायचे. बाबांची तक्रार नव्हती. माझी आहे. ती मालकाविरुद्ध आहे, किन्नारीविरुद्ध आहे, आणि "माझ्या गावी आहे की" असं म्हणणाऱ्या माझ्या जिभेविरुद्ध आहे.

दोन आठवड्यांनी हेलसिंकीत पहिला खेळ झाला, हुंप्पासकट. मी किन्नारीचं काम सोडलं होतं, तरी गेले. तिसऱ्या रांगेत बसले. पडद्यावर बाबा आले, "तर मंडळी" म्हणाले आणि आठशे माणसं हसायला लागली. पहिल्यांदा हात वर आला तेव्हा शेजारची बाई डोळे पुसत होती. दुसऱ्यांदा शिट्ट्या आल्या. तिसऱ्यांदा तळवा डोक्याच्या वर गेला, ठेका पडला आणि सगळं थिएटर दणाणलं.

मी उभी राहिले आणि हात वर केला, उघडा तळवा, प्रोजेक्टरच्या झोतात. माझ्या हाताची सावली पडद्यावर बाबांच्या हाताशेजारी पडली. लोक आणखी जोरात हसले.

यंत्र कुणी थांबवलं नाही.